माल्टा बेटाचा पाव

भूमध्य समुद्राचा नकाशा उघडला की इटलीचा बूट आणि त्याच्या टोकाशी असलेली सिसिली एवढे चटकन नजरेत भरते. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे 93 किलोमीटरांवर दोनतीन ठिपके दिसतात, तो माल्टा देश. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटे मिळून क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. 2021 सालच्या शिरगणतीत तेथील लोकवस्ती पाच लाखांहून थोडी अधिक भरली. कामगार संघटनांच्या एका बैठकीच्या निमित्ताने आम्हांस तेथे दहाबारा दिवस राहण्याचा योग आला. बैठकीचा वृत्तान्त येथे सांगण्याचे कारण नाही. तो ठरावांच्या कागदांत आहे आणि तेथेच बरा आहे. आम्ही सांगणार आहोत ते तेथील पावासंबंधी.

राजधानी वॅलेटा. तेथे टपरीवर उभे राहून आम्ही पहिल्या दिवशी जे खाल्ले, त्याला ते लोक ‘होब्स बिझ-झेत’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, पाव आणि तेल. जाड, कडक सालीचा गोल पाव असतो. त्याचा गर जाळीदार असून किंचित आंबूस लागतो, कारण आदल्या दिवशीची आंबलेली कणीक थोडी राखून ठेवून तीच दुसऱ्या दिवशीच्या कणकेत विरजणासारखी घालतात. हा पाव कापून त्यावर पिकलेला टोमॅटो असा घासायचा की साल हातात राहावी आणि रस पावात जिरावा. वरून ऑलिव्हचे तेल, मीठ, मिरी आणि खारवलेल्या केपरच्या कळ्या. हे केपरचे झुडूप आपल्याकडील नेपतीच्या कुळातले. तेथे ते किल्ल्याच्या भिंतींच्या फटींतूनही उगवलेले दिसते. ऐपत असेल त्याप्रमाणे डब्यातला टूना मासा किंवा मेंढीच्या दुधाच्या चीजची छोटी चकती. गोदीतला कामगार हीच शिदोरी फडक्यात बांधून कामावर नेई. आमच्या गिरणगावातली भाकरी, ठेचा आणि कांदा यांची जी जातकुळी, तीच याची. चवीला उत्तम. आम्ही त्या दहाबारा दिवसांत इतर काही खाल्ले वा न खाल्ले, हे मात्र रोज खाल्ले.

फ्तीरा नावाचा याचाच एक चपटा, कड्यासारखा भाऊ आहे. 2020 साली युनेस्कोने त्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. या नोंदीचा अभिमान तेथील लोकांस आहे आणि तो रास्तच आहे. तथापि प्रवाशांसाठी छापलेल्या पत्रकांतून हा पाव म्हणजे ऊन, समुद्र आणि आजीच्या हाताची माया यांतून आपोआप उगवलेली वस्तू आहे असे जे चित्र उभे केले जाते, ते आम्हांस पटले नाही. ज्या बेटावर गहू पुरेसा पिकत नाही आणि जळणाला लाकूड नाही, तेथे पाव हे मुख्य अन्न झाले कसे, आणि गव्हाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या, हा खरा इतिहास आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. माल्टाची भाषा रोमन लिपीत लिहितात, परंतु तिची हाडे अरबी आहेत. इ. स. 870 मध्ये हे बेट अरबांनी जिंकले आणि 1091 साली नॉर्मन आले. राज्य गेले तरी भाषा राहिली, आणि पुढे तिच्यात सिसिलीचे व इटलीचे शब्द भरले. पावाला होब्स, तेलाला झेत, मधाला असेल हे सारे शब्द अरबी घराण्याचे. आपण ज्याला जैतून म्हणतो त्यातही हेच झेत दडलेले आहे. कोमिनो बेटाला ते लोक केम्मूना म्हणतात, आणि ते नाव जिऱ्यावरून पडले आहे. खजुराचे सारण भरून तळलेले इम्कारेत रस्त्यावर कढईतून निघतात, तेव्हा बडीशेपेसारखा जो वास सुटतो तो पलीकडच्या ट्युनिसच्या गल्ल्यांतही ओळखीचा आहे. धर्माने कट्टर कॅथॉलिक असलेले हे लोक देवाला मात्र ‘अल्ला’च म्हणतात, याची मौज आम्हांस फार वाटली.

आता जमिनीकडे वळू. 1530 साली सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांस वर्षाला एक ससाणा एवढ्या नाममात्र खंडणीवर दिले. ऱ्होड्सहून तुर्कांनी हाकलल्यामुळे हे सरदार बेघर झाले होते. बेट घ्यावे की न घ्यावे हे ठरवण्यासाठी त्यांनी 1524 साली आपली माणसे पाहणीस धाडली होती. त्यांचा अहवाल निराशेचाच होता. खडकावर मातीचा थर पातळ, धान्य अपुरे, आणि लाकूड इतके दुर्मीळ की ते वजनावर विकत. लोक स्वयंपाकाला वाळवलेले शेण आणि काटेरी झुडपे जाळतात, असेही त्यांनी लिहून ठेवले. युरोपातल्या त्या बड्या सरदारांना गोवऱ्यांचे नवल वाटले; आपल्या वाचकांस वाटणार नाही.

या जळणाच्या टंचाईने तेथील स्वयंपाक घडवला, असे आमचे मत आहे. घरोघरी भट्टी परवडणे शक्य नव्हते. घरात दगडी शेगडी असे, तिच्यावर मातीचे भांडे मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचे. म्हणून रस्से आणि दाट सार हीच घरची रीत झाली. बाकल्याच्या शेंगांतल्या दाण्यांचे सार, त्यात मोत्यांएवढ्या शेवया, याला कुस्कसू म्हणतात. भाज्यांच्या एका सारात अंडे आणि चीज सोडतात, त्याचे नाव ‘विधवेचे सार’. नावातच त्याची किंमत सांगितली आहे. भाजायचे जे काही असेल ते गावच्या भटारखान्यात जाई. रविवारी पाव भाजून झाला की भट्टी तापलेलीच असे. आयाबाया बटाटे, भात किंवा मॅकरोनी यांची थाळी भरून तेथे नेऊन देत, आपली थाळी ओळखू यावी अशी खूण करीत आणि प्रार्थनेहून परतताना ती घरी नेत. आजही उपाहारगृहांत भात किंवा बटाटे मागवले तर त्या पदार्थाच्या नावापुढे ‘इल-फोर्न’, म्हणजे भट्टीतले, असे शब्द दिसतात. घरोघर विजेची भट्टी आली तरी नाव जुनेच राहिले.

भट्टी गावाची, तर गहू कोणाचा? गहू सिसिलीचा. बेटाचे पीक वर्षभर पुरत नसे, आणि धर्मयोद्ध्यांच्या काळात वस्ती वाढली तसा खड्डा आणखी मोठा झाला. सिसिलीच्या राजसत्तेशी बिनसले, वादळ झाले, चाचे आले किंवा तिकडे पीक बुडाले, की येथे चूल थंड. ‘उनिव्हर्सिता’ नावाची नगरसंस्था गहू खरेदी करी आणि त्यासाठी लोकांच्या ठेवींतून उभारलेला एक निधी तिच्यापाशी असे. सतराव्या शतकाच्या मध्यास ग्रँडमास्टर मार्टिन दे रेदीन याने खडकात धान्याची पेवे खोदवली. पेव हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो, कारण वस्तू तीच. तोंड अरुंद, पोट घंटेसारखे रुंद आणि तोंडावर दगडी झाकण. ज्यांनी सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे पाहिली आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. वॅलेटाच्या वेशीबाहेर फ्लोरिआना येथे चर्चसमोर एक विस्तीर्ण चौक आहे. त्यात ओळीने दगडी झाकणे दिसतात, सत्तरांच्या वर. आम्ही प्रथम ते पाहिले तेव्हा एखादे स्मशान असावे असेच वाटले. एका वृद्ध गृहस्थाने सांगितले, “हे आमचे पोट.”

या मैदानावर आता मोठमोठ्या सभा आणि गाण्याचे जलसे होतात. आम्हांस मात्र तेथे दुसराच विचार सुचला. वेढ्याच्या वेळी हे कोठार जीव वाचवी हे खरे. पण तेच कोठार एरवी राज्यकर्त्याच्या हातातला लगामही असे. पेवाचे झाकण कधी उघडायचे आणि भाव काय लावायचा हे ज्याने ठरवायचे, त्याला निराळी फौज कशाला लागेल?

मग प्रश्न येतो की या गव्हाचे पैसे कोठून येत. मोठा भाग कापसातून. ज्या थोड्या जमिनीत धान्य होऊ शकले असते तिच्यात शेतकरी कापूस लावी, घरातल्या बाया सूत कातीत, ते सूत मुख्यतः स्पेनकडे जाई, आणि मिळालेल्या पैशातून सिसिलीचा गहू येई. अठराव्या शतकात या धंद्याचा मोठा बोलबाला होता. पुढे बाजार तुटला, इजिप्तचा कापूस आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूत बसले. सूत बसले तशी चूलही बसली. हा हिशेब आमच्यासारख्या गिरणीच्या दारात आयुष्य घालवलेल्या माणसास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे सशाची गोष्ट सांगितली पाहिजे. लसूण आणि मद्यात शिजवलेला ससा, तेथील भाषेत फेनेक, हा माल्टाचा मोठा मानाचा पदार्थ. 29 जूनला, संत पीटर आणि पॉल यांच्या सणास, बुस्केतच्या बागेत लोक सहकुटुंब जमतात आणि ससा खातात. आमच्याबरोबरचे एक शाकाहारी गृहस्थ या प्रकरणी नाक मुरडून बसले होते. त्यांना आम्ही सांगितले की, तुम्ही खाऊ नका, पण ऐकून घ्या. धर्मयोद्ध्यांच्या राज्यात शिकार ही सरदारांची करमणूक होती आणि सामान्य माणसावर तिच्यासाठी निर्बंध असत. ग्रँडमास्टर झिमेनेस याने शिकारीवर बंदी घातली. त्याच काळात धान्याचे भावही चढले होते. 8 सप्टेंबर 1775 रोजी काही पाद्र्यांनी उठाव करून सेंट एल्मोचा किल्ला काही तास ताब्यात घेतला. उठाव मोडला, तिघांना मृत्युदंड झाला. उठावाला कारणे पुष्कळ होती. पण ज्या देशात ससा मारणे हा गुन्हा होता, त्या देशात ससा हा सणाचा पदार्थ होतो, यात आम्हांस तरी काही नवल दिसत नाही.

1798 च्या जूनमध्ये नेपोलियनने धर्मयोद्ध्यांचे राज्य खालसा केले, आणि सप्टेंबरमध्ये माल्टाच्या लोकांनी फ्रेंचांविरुद्ध बंड केले. फ्रेंच शिबंदी वॅलेटाच्या कोटात दोन वर्षे कोंडली गेली. शेवटी कुत्री, मांजरे आणि उंदीर खाण्याची पाळी आली, तेव्हा सप्टेंबर 1800 मध्ये ती शरण गेली. बेट इंग्रजांच्या हाती पडले.

इंग्रजांनी उनिव्हर्सिता मोडली आणि गव्हाचा व्यापार खाजगी व्यापाऱ्यांस मोकळा केला. व्यापार मोकळा झाला, पण गहू मोकळा झाला नाही, कारण बाहेरून येणाऱ्या धान्यावर जकात होती आणि सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग तिच्यातून येई. पाव सर्वांत अधिक कोण खातो? ज्याच्या ताटात दुसरे काही नसते तो. म्हणजे राज्याचा खर्च सर्वांत गरीब माणसाच्या घासातून निघत होता. 1877-78 साली चौकशीसाठी आलेल्या रॉसेल या कमिशनरने हा कर काढावा अशी सूचना केली. ती अमलात आली नाही. त्याच 1878 साली रशियाला धाक दाखवण्यासाठी डिझरेलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टास आणले. ते मुंबई बंदरातून निघाले आणि त्यांत मुंबई फौजेच्या पलटणीही होत्या. फ्लोरिआनाची ती पेवे आपल्यापैकी कोणाच्या पणजोबाने पाहिलीही असतील.

आता 1919 साल. पहिल्या महायुद्धात जहाजे बुडू लागली, आयात गहू महागला, पाव महागला आणि मजुरी होती तेथेच राहिली. युद्ध संपताच गोदीतून माणसे कमी होऊ लागली. आयातदार आणि पिठाच्या गिरण्यांचे मालक यांनी टंचाईवर पैसा केला, अशी लोकांची ठाम समजूत होती. 7 जून 1919, शनिवार. त्या दिवशी राजकीय हक्कांची मागणी करण्यासाठी राष्ट्रीय सभेची बैठक वॅलेटात भरली होती आणि बाहेर लोक जमले होते. दंगा उसळला. इंग्रजांचा पक्ष घेणाऱ्या एका वृत्तपत्राच्या कचेरीवर जमाव चालून गेला. दुसरा जमाव गव्हाचे आयातदार कासार तोर्रेजानी यांच्या घरावर गेला. हे घर ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्त्रादा फोर्नी, म्हणजे भटारखान्याचा रस्ता; धर्मयोद्ध्यांच्या भट्ट्या पूर्वी तेथे होत्या. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. मान्वेल आत्तार्द त्या घरासमोरच पडला. जुझे बायादा हातात माल्टाचे निशाण घेऊन होता, तो त्या निशाणावरच कोसळला. वेन्झू डायर तिसरा. दुसऱ्या दिवशी जमाव पिठाच्या गिरणीचे मालक फ्रान्शिया यांच्या वाड्यावर गेला. तेथे कार्मनू आबेला हा गृहस्थ आपल्या मुलाला हाका मारीत उभा होता. त्याला संगीन भोसकली गेली आणि 16 जूनला तो मरण पावला.

चार माणसे. संख्या थोडी आहे असे कोणी म्हणेल. त्याच साली 13 एप्रिलला अमृतसरात जे घडले ते आपणांस ठाऊक आहे. साम्राज्य एक, वर्ष एक आणि बंदूकही एकच. आणि त्याच सालच्या जानेवारीत मुंबईत लाखाहून अधिक गिरणी कामगार महागाईपायी संपावर गेले होते. माल्टाचा गोदी कामगार आणि परळचा साचेवाला यांना परस्परांचे नावही ठाऊक नव्हते. पण दोघांच्या घरी बायको एकच हिशेब मांडीत होती. 1921 साली माल्टाला अंतर्गत स्वराज्य मिळाले. काही खाती लोकांकडे, महत्त्वाची खाती साहेबाकडे, अशी आपल्याकडच्यासारखीच द्विदल व्यवस्था होती. 1989 पासून 7 जून हा तेथील पाच राष्ट्रीय दिनांपैकी एक आहे. त्या दिवसाला ते ‘सेत्ते जून्यो’ म्हणतात. व्याख्यानांत त्याचा उल्लेख स्वातंत्र्याची पहिली पायरी म्हणून होतो, ते बरोबरच आहे. पण लोक त्या दिवशी संविधानासाठीच घराबाहेर पडले असे जे भासवले जाते, त्यात पाव अलगद बाजूला सरकवला जातो, हे आम्हांस खटकले. पोटाची मागणी मांडली म्हणजे चळवळीचा दर्जा घसरतो, असे मानणारे पुढारी आम्ही इकडेही पाहिले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात पाव पुन्हा रणांगणात उतरला. जून 1940 पासून बाँब पडू लागले. जहाजे पोहोचेनात. साखर, रॉकेल, साबण यांवर रेशन आले. पावाला हात लावला तो अगदी शेवटी, मे 1942 मध्ये, कारण कष्टकऱ्यांचे सारे अंग त्यावर चालते हे अधिकाऱ्यांना माहीत होते. माणशी दिवसाला साडेदहा औंस, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम पाव मिळे. पिठात बटाटा मिसळीत. वैरण नाही म्हणून शेळ्या कापल्या आणि त्यांचाच रस्सा केला. घरोघर चूल पेटवायला रॉकेल नव्हते, म्हणून सरकारने सार्वजनिक स्वयंपाकघरे काढली. त्यांना ‘व्हिक्टरी किचन’ असे भपकेदार नाव दिले. दीड लाखाहून अधिक माणसे तेथे रांगेत उभी राहून पातळ सार घेऊन जात आणि शिव्या देत. रविवारी थाळी घेऊन भटारखान्यात जाणारी तीच बाई आता रिकामे भांडे घेऊन रांगेत उभी होती. एप्रिल 1942 मध्ये इंग्लंडच्या राजाने साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस पदक दिले. पदकाने पोट भरत नाही. ऑगस्टमध्ये 14 मालवाहू जहाजांचा तांडा निघाला, त्यांतील 5 पोहोचली. शेवटचे ओहायो हे तेलवाहू जहाज 15 ऑगस्टला दोन्ही बाजूंनी आधार देऊन बंदरात आणले. तो दिवस मेरीमातेच्या सणाचा. आजही तेथील लोक त्या तांड्याला सांता मारियाचाच तांडा म्हणतात.

1943 साली, युद्ध चालू असतानाच, तेथील जनरल वर्कर्स युनियन स्थापन झाली. 1964 साली स्वातंत्र्य मिळाले, 1974 साली प्रजासत्ताक आले, आणि 31 मार्च 1979 रोजी इंग्रजांचा लष्करी तळ उठला. यांतील प्रत्येकावर निराळे व्याख्यान होईल, तेव्हा येथे थांबतो आणि चहाकडे वळतो. गोदीच्या आसपासच्या जुन्या हॉटेलांत चहा कपात मिळत नाही. काचेच्या ग्लासात कडक चहा आणि त्यात डब्यातले आटवलेले दूध, याला ‘ते फित्तात्सा’ म्हणतात. सोबत पास्तित्सी घ्यायची. पदर सुटलेली, करंजीच्या आकाराची, आत मऊ चीज किंवा वाटाण्याचे वाटण. देशातला सर्वांत स्वस्त गरम घास हाच. भायखळ्याच्या इराण्याकडे बसून कटिंग घेणाऱ्या माणसाला तेथे परके वाटणार नाही.

अशाच एका ठिकाणी पाठीवर चौकोनी पेटी अडकवलेला एक तरुण आमच्या शेजारी येऊन बसला आणि हिंदीत विचारू लागला, “काका, इंडियासे?” घरोघर जेवण पोहोचवणारे हे स्कूटरवाले तेथे शेकडोंनी दिसतात आणि त्यांत आपल्या देशातील मुले पुष्कळ आहेत. 2022 च्या ऑगस्टमध्ये कमाई घटली म्हणून त्यांनी संप केला होता. त्यानंतर सरकारने त्यांच्या वेतनाचे नियम केले आणि ते 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले. नियम कागदावर चांगले आहेत. मध्ये जे मुकादम बसले आहेत ते काय कापून घेतात, असे आम्ही त्या मुलास विचारले. तो हसला आणि म्हणाला, ते येथे सांगण्यासारखे नाही. एका खोलीत सहाजण राहतात, रात्री डाळभात करतात, दिवसा पास्तित्सीवर भागवतात. होब्स बिझ-झेत त्याने रोज कितीतरी घरी पोहोचवले होते; खाल्ले आहेस का, म्हणून विचारले तर म्हणाला, दोनदा. आम्ही एक मागवले आणि निम्मे त्याच्यापुढे सरकवले. खातखात तो आम्हांला युनियनच्या वर्गणीविषयी विचारू लागला.